कामिनीचं बोन्साय आणलंय, आठवड्यातच पानं गळायला लागली

टिळकवाडीची_मीनल :
नमस्कार मंडळी. लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी कामिनीचं (कुंतीचं) बोन्साय आणलं. दीड वीत उंची, बुंध्याला छान पीळ, निळी चकचकीत चपटी कुंडी आणि वर गच्च कळ्या. पहिले एकदोन दिवस वासानं हॉल भरून गेला होता. आता पानं पिवळी पडून गळायलीत, उरलेल्या कळ्या हात लावला की झडतात. टीव्हीशेजारच्या टेबलावर ठेवलंय, वर पंखा असतो. रोपवाटिकेतले मामा "दिना नीर हाक्री" (कन्नडमध्ये, रोज पाणी घाला) एवढंच म्हणाले होते, म्हणून रोज सकाळी पेलाभर पाणी घालते.

कुंडी लगेच बदलायची का? घरात ठेवायचं की बाहेर? आणि पाऊस तोंडावर आलाय, त्यात काय करायचं? झाड स्वस्तातलं नाही, म्हणून जीव खालीवर होतोय.

बाब्या_खानापूरकर :
टीव्ही बघायला आणलंय काय ते? मालिका कुठली लावताय सांगा, मग पानं का गळालीत ते सांगतो.
चेष्टा सोडा, आज संध्याकाळीच बाहेर काढा.

रानवाटा :
बाब्यानं एका ओळीत सांगितलं, मी जरा लांबण लावतो.

कामिनी हे घरातलं झाड नव्हेच. दक्षिण आणि आग्नेय आशियातलं झुडूप आहे हे, आपल्याकडच्या रानातही आढळतं. मोकळं सोडलं तर माणसाच्या डोक्यावर जातं. चपट्या कुंडीत आखूड ठेवलं म्हणून उन्हाची भूक कमी होत नाही. रोपवाटिकेत ते हिरव्या जाळीखाली असलं तरी तिथला उजेड तुमच्या हॉलच्या कितीतरी पट असतो. आपले डोळे सावलीला लगेच सरावतात, त्यामुळं आपल्याला तो फरक जाणवत नाही. झाडाला मात्र कमी उजेडात एवढी पानं पोसणं परवडत नाही. मग आधी कळ्या टाकतं, नंतर आतली जुनी पानं. त्यात पंख्याचा वारा, म्हणजे पानातलं पाणी उडणार आणि वर उजेड नाही.

पण घाबरून एकदम गच्चीत दुपारच्या उन्हात ठेवू नका, उरलेली पानंही करपतील. पूर्वेची बाल्कनी असेल तर उत्तम. सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन, नंतर सावली. दोन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवा. आणि एकदा जागा ठरली की रोज इकडून तिकडं हलवत बसू नका. कळ्यांवर असलेलं झाड जागा बदलली की कळ्या टाकतंच, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

झाड जिवंत आहे का ते आत्ताच बघा. बारीक फांदीवर नखानं साल जराशी खरवडायची. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर तेवढी गेली. टोकाकडून बुंध्याकडं येत येत बघा, हिरवं कुठं सुरू होतं ते कळेल.

निपाणीकर_काका :
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मुळं कापायची, तारा आवळायच्या, मोठं होणाऱ्या झाडाला ताटलीत बसवायचं, ह्यात कसली हौस? आमच्या बांधावर कुंतीचं झाड हाय, कुणी पाणी घालत न्हाई, वळीव पडला की पांढरंशुभ्र होतंय. शिवाय बोन्साय घरात असलं की घरातल्यांची वाढ खुंटते असं वास्तूवाले सांगतात.

बाब्या_खानापूरकर :
काका, आमच्या घरात एक बी बोन्साय न्हाई, तरी माझी पगारवाढ खुंटलीच हाय की.

पुण्यातला_शहापूरकर :
@निपाणीकर_काका, अथणी-विजयापूरकडं एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी करतात, तेव्हा वेलीवर पान ठेवत नाहीत. ऊस तोडून खोडवा घेता. पेरू, शेवगा दरवर्षी छाटता. झाडाला छाटणी नवी नाही. बोन्सायची मुळं कापतात ती जाड, लांब मुळं, म्हणजे बारीक तंतुमुळं वाढावीत म्हणून. अन्नपाणी तीच ओढतात. नीट सांभाळलेलं बोन्साय जमिनीतल्या झाडाइतकं जगतं, कधीकधी जास्तच.

आणि वास्तूचं म्हणाल तर म्हैसूरला अवधूत दत्तपीठाच्या आश्रमात किष्किंधा मूलिका बोन्साय उद्यान आहे. राशी-नक्षत्रांप्रमाणं बोन्साय मांडलीत तिथं. आश्रमाला चालतं ते टिळकवाडीतल्या हॉलला कसं बाधेल? तिथं सगळी झाडं उघड्यावर आहेत एवढं मात्र लक्षात घ्या.

निपाणीकर_काका :
म्हैसूरचं बघितलेलं न्हाई. बघून येतो, मग बोलतो. पण तार बांधलेली मला बघवत न्हाई, ते न्हाईच.

अथणीची_लेक :
मीनलताई, पाणी कुठलं घालता? आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. तसल्या पाण्यावर माझ्या कामिनीची नवी पानं पिवळी पडायची, पण शिरा हिरव्या राहायच्या. ती लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण क्षार वाढले की मुळांना ते घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं असं लोह) पाण्यात मिसळून फवारलं आणि पावसाचं पाणी पिंपात साठवून घालायला लागले, तेव्हा रंग आला.

तुमची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होऊन गळत असतील तर मात्र प्रकरण वेगळं. कोणती पानं पिवळी पडताहेत, आतली की शेंड्याची, ते सांगा.

टिळकवाडीची_मीनल :
सगळ्यांचे आभार! आतली, खालची पानं गळताहेत. शेंड्याची अजून हिरवी आहेत. खरवडून बघितलं, दोन काड्या सोडल्या तर सगळीकडं हिरवं आहे, हुश्श. पाणी नळाचं, राकसकोप जलाशयाचं. काल पूर्वेच्या बाल्कनीत ठेवलं.

एक सांगायचं राहिलं. मातीवर पांढरे गोटे आहेत आणि ते कशानं तरी चिकटवलेले आहेत, निघतच नाहीत. पाणी घातलं की कडेनं वाहून खालच्या ताटलीत येतं. चांगला निचरा होतोय असं मला वाटत होतं.

कुंडीवाली_वैनी :
मीनल, तुमचं दुखणं त्या गोट्यांखाली आहे!

विकायच्या बोन्सायमध्ये बऱ्याचदा असं करतात. वाहतुकीत माती सांडू नये आणि दिसायला बरं दिसावं म्हणून गोटे डिंकानं पक्के करतात. रोपवाटिकेपुरतं ते ठीक, पण घरी आणल्यावर काढायलाच हवेत. पाणी आत जात नाही, हवा जात नाही, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. पेलाभर पाणी घातलं आणि पेलाभर ताटलीत आलं, म्हणजे झाडाला थेंबही मिळाला नाही.

बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या, कुंडीच्या काठाकडून सुरुवात करा. बुंध्याजवळ जोर लावू नका, वरची मुळं तिथंच असतात. एक तुकडा उचकटला की बाकीचे खपल्यांनी निघतात. मग कुंडी उलटी न करता खालून भोकं बघा. भोकं आहेत ना? काही चकचकीत कुंड्यांना नुसता देखावा असतो. भोकावर माती घट्ट बसली असेल तर काडीनं मोकळी करा.

मग बादलीत पाणी घेऊन अख्खी कुंडी काठापर्यंत बुडवा. बुडबुडे यायला लागतील. ते थांबले की बाहेर काढून निथळू द्या. पूर्ण वाळलेला मातीचा गोळा वरून घातलेलं पाणी पीत नाही, तो असाच भिजवावा लागतो.

पुढं पाणी कधी घालायचं? "रोज" हे उत्तर चुकीचं आणि "दोन दिवसांनी" हेही चुकीचं. अगरबत्ती जळून उरते ती बांबूची काडी धुऊन घ्या. बुंधा आणि काठ यांच्या मधोमध दोन इंच आत खोचा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. काढल्यावर काडी काळपट ओली आणि तिला मातीचे कण चिकटलेले असले तर पाणी नको. नुसती दमट, गार लागली तर संध्याकाळी परत बघा. कोरडी आली तर भरपूर पाणी, खालच्या भोकांतून वाहीपर्यंत. मे महिन्यात चपट्या कुंडीला दिवसातून दोनदा लागेल, जुलैत आठवडाभर लागणार नाही. आणि ती ताटली काढून टाका. ठेवायचीच असेल तर तिच्यात खडी भरून कुंडी खडीवर ठेवा.

बुंध्यावर तार आहे का? असली तर साल फुगून तार रुतलेली नाही ना ते बघा. रुतली असेल तर उलगडायला जाऊ नका, पक्कडीनं तुकडे करून काढा.

बाब्या_खानापूरकर :
वैनीनं एमबीबीएस न करता आयसीयू चालवलं बघा.

शशी_अनगोळ :
वैनींचं सगळं पटलं, पण मी म्हणतो कुंडी आत्ताच बदला. विकायच्या बोन्सायमध्ये बहुतेक तांबड्या चिकट मातीचा गोळा असतो. आत्ता तो वीट झालाय, जुलैत त्याचा चिखल होणार. आपल्याकडं झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. मुळं कुजली की अगरबत्तीची काडी काय करणार? उष्ण प्रदेशातल्या झाडांची माती बदलायला पावसाचं तोंड हीच वेळ. मी माझी सगळी मृगाच्या आसपास करतो.

कुंडीवाली_वैनी :
शशी, तुमची झाडं तुमच्याकडं वर्षानुवर्षं रुळलेली आहेत. ह्या बिचाऱ्याची आठवड्यापूर्वी जागा बदलली, निम्मी पानं गेली. पानंच नसताना मुळं कापली तर नवी मुळं फोडायला ताकद कुठून आणणार? आधी नवी पालवी येऊ दे, ती पक्की हिरवी होऊ दे. मग शिवरात्रीनंतर थंडी सरली की माती बदलावी.

शशी_अनगोळ :
मुळं कापू नका की. गोळा तसाच उचला, मोठ्या कुंड्यात ठेवा, भोवती विटेचे बारीक तुकडे आणि खत घाला. मुळांना कळणारही नाही.

रानवाटा :
त्यात एक खोच आहे. चिकट मातीचा गोळा आणि भोवती भरड मिश्रण असलं की उन्हाळ्यात पाणी भरड भागातून निसटतं आणि गोळा कोरडाच राहतो. पावसात उलटं. भरड भाग निथळतो, गोळा पाणी धरून बसतो. करायचंच असेल तर गोळ्याला लोखंडी सळईनं चार-पाच ठिकाणी आरपार भोकं पाडा आणि त्यात बारीक विटचुरा सोडा. तरी माझं मत वैनींकडं.

पावसाचा उपाय त्याहून सोपा आहे. कुंडीच्या एका बाजूखाली अर्धी वीट ठेवायची. कुंडी तिरकी झाली की पाणी उतरत्या बाजूच्या भोकाकडं जमतं आणि निघून जातं. सपाट ठेवलेल्या चपट्या कुंडीत तळाचा थर कायम ओला राहतो, तिरक्या कुंडीत तोच थर पुष्कळ कमी होतो. फुकटचं आहे, करून बघा. शिवाय झडीत पागोळीच्या आत ठेवा, पण उजेडात.

बाब्या_खानापूरकर :
खानापूरच्या पावसात आमी माणसंच तिरकी होतो, कुंडीचं काय घेऊन बसलाय.

धारवाडी_पेढा :
धाग्यात घुसतोय, माफी असावी. मी एका व्हिडिओत बघितलं की असली झाडं थंडीत घरात घ्यायची, दिवा लावायचा, पाण्याचा फवारा मारायचा. बेळगावात धारवाडपेक्षा थंडी जास्त, मग डिसेंबरात घरात घ्यायचं का?

पुण्यातला_शहापूरकर :
अजिबात नाही! ते व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले. तिथं "उष्णकटिबंधीय बोन्साय" म्हणजे घरातलं झाड, कारण बाहेर ते मरतं. इथं बाहेर हेच त्याचं घर. बेळगावची डिसेंबर-जानेवारीतली पहाट १३-१४ अंशांवर जाते, कधी त्याखालीही, पण दुपारी चांगलं ऊन असतं. कामिनीला तेवढं सोसतं. वाढ थांबते इतकंच, म्हणून त्या दिवसांत पाणी कमी आणि खत बंद. आपल्याकडं झाडं मरतात ती थंडीनं नव्हे, हॉलच्या अंधारानं आणि जुलैच्या चिखलानं. पाहुणे आले की संध्याकाळी टेबलावर मिरवावं, सकाळी परत बाहेर.

अथणीची_लेक :
+१. आणि ते फवारे पानांवर मारून मुळांना पाणी मिळत नाही. धूळ धुण्यापुरते आणि उन्हाळ्यात लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) येऊ नये म्हणून पानांच्या खालच्या बाजूला मारावेत.

गणपतगल्ली_गौरी :
कामिनीचं चाललंय तर बोगनवेलीचंही सांगा की कुणीतरी. माझं बोन्साय पानांनी नुसतं गच्च भरलंय, रंग म्हणून नाही. शेंगपेंडीचं पाणी दर आठवड्याला, पाणी रोज, लाडानं वाढवलंय.

शशी_अनगोळ :
लाड बंद करा. ब्राझीलकडची वेल आहे ती, कोरडेपणा सोसलेला आहे. नत्र आणि पाणी भरपूर मिळालं की ती पानंच काढत बसते. दिवसभर ऊन पाहिजे, निदान पाच-सहा तास थेट. पाणी इतकं लांबवा की पानं थोडी मलूल व्हायला लागतील, मग पाणी द्या. असं काही वेळा केलं की शेंड्यांना रंग दिसायला लागतो. आणि ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरी फुलं आतली, बारीक, पांढरट, तीन-तीनच्या झुपक्यात. रंग नव्या फांदीच्या टोकाला येतो म्हणून बहर संपला की छाटायची, कळी धरताना नाही.

पण ह्यातलं काहीही मीनलताईंनी कामिनीवर करू नये! कामिनीला पूर्ण कोरडं करून ताण देण्याचा खेळ चपट्या कुंडीत महागात पडतो.

अडेनियमप्रेमी :
कुणीच अडेनियमचं (फुगीर बुंध्याच्या डेझर्ट रोजचं) विचारत नाही म्हणून स्वतःच सांगतो. फुलणाऱ्यांत सगळ्यात सोपं, फक्त पावसात छताखाली ठेवा. आणि चीक विषारी असतो, छाटल्यावर हात धुवा.

धागासंपादक :
"बेळगाव की बेळगावी" ह्यावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. झाडाबद्दल बोला.

बाब्या_खानापूरकर :
झाडाला दोन्ही भाषा कळतात साहेब, "नीर हाक्री" म्हटलं तरी पाणीच पाहिजे त्याला.

टिळकवाडीची_मीनल :
ताजी खबर. गोटे काढले. खाली माती खरंच वीट झालेली, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टणटण वाजत होता. बादलीत बुडवलं तर बुडबुडे किती वेळ चालूच. एक भोक मातीनं बंद होतं, ते मोकळं केलं. तार नव्हती. आता पानगळ थांबल्यासारखी वाटतेय, शेंड्याला दोन ठिकाणी पोपटी डोळे दिसताहेत. कुंडी आत्ता बदलत नाही, तिरकी ठेवते, शिवरात्रीनंतर बघू.

खत कधी द्यायचं? आणि पालवीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय.

कुंडीवाली_वैनी :
कापसासारखं म्हणजे पिठ्या ढेकूण. थोडेच असतील तर जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण चांगला घुसळून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत. मुंग्या येत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा. पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्यांना जपतात.

खत आत्ता नाही. पालवी पक्की झाल्यावर पंधरवड्यानं पातळ. शेंगपेंड भिजवून आंबवलेलं पाणी दहापट पाणी घालून द्या, तेही ओल्या मातीवर. वास येतो, शेजारणीला आधी कल्पना द्या. फुलांचा बहर होऊन गेला की लांबलेले शेंडे दोन-तीन पानांवर छाटा, फुटव्यांवर पुन्हा कळ्या येतात. आणि फळं धरली तर बोन्सायवरची काढून टाका. लाल फळं दिसायला सुंदर असतात, पण झाडाची ताकद खातात.

अथणीची_लेक :
पालवीवर अजून एक गोष्ट बघत जा. कामिनी ही लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कुळातली, त्यामुळं सिट्रस सिल्ला नावाची बारीक कीड तिच्या कोवळ्या पालवीवर वाढते. तीच कीड लिंबाच्या बागेत ग्रीनिंग रोग (पानं पिवळी पडून झाड खंगत जातं तो) पसरवते. तुमच्या बाल्कनीत काही फरक पडत नाही, पण इंडी-विजयापूरकडं ज्यांच्या लिंबाच्या बागा आहेत त्यांनी बांधावर कामिनीचं कुंपण घालू नये. पालवी वेडीवाकडी वळलेली दिसली तर शेंडे छाटून टाका.

निपाणीकर_काका :
आमच्या बांधावर हाय की कुंती. लिंबाचं एकच झाड हाय शेजारी, ते गेली काही वर्षं खंगालंय. आता बघतो जाऊन.

शशी_अनगोळ :
काका, शिरांच्या दोन बाजूंना पिवळेपणा सारखा नसून डागाडागांचा असला तर शंका घ्या आणि कृषी खात्याच्या माणसाला दाखवा. नुसत्या खंगण्याला दुसरीही कारणं असतात.

मीनलताई, शिवरात्रीपर्यंत मिश्रणाची तयारी करून ठेवा. विटेचे किंवा जुन्या कौलाचे तुकडे फोडून चाळायचे. ज्वारीच्या दाण्याएवढे ठेवायचे, पीठ टाकून द्यायचं. दोन भाग ते, एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत, एक भाग तांबडी माती. कौल विटेपेक्षा बरं, जास्त भाजलेलं असतं, पावसात विरघळत नाही. कुंडी चकचकीतच हवी असं नाही. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली आहे, ग्रामीण कुंभारकलेची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. कुंभाराला माप देऊन चपटी कुंडी करून घ्या. फक्त करंगळी जाईल एवढी दोन भोकं आणि खाली पाय काढायला सांगा. पाय नसले की भोकं जमिनीला टेकून बंद होतात.

टिळकवाडीची_मीनल :
कौलं कुठं मिळतील? आमच्याकडं सगळीकडं स्लॅब आहेत.

बाब्या_खानापूरकर :
आमच्या परसात जुन्या घराची कौलं ढिगानं पडल्यात, आई रोज ओरडालीय उचला म्हणून. रविवारी पोतं घेऊन या. हातोडा आणि चाळण तुमची.